विजेच्या उत्सर्जनाचा हिशेब: या चुका टाळा

कोकणातल्या काजू आणि आंबा प्रक्रिया करणाऱ्या लहान कारखान्यांना आता परदेशी खरेदीदार मालाच्या दरासोबत कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा तक्ताही मागू लागले आहेत. असे तक्ते पाठवण्याआधी तपासून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते. बेरीज-वजाबाकी सहसा बरोबर असते, कारण ती संगणक करतो. चुका त्याच्या आधीच झालेल्या असतात, आणि दरवर्षी त्याच होतात.

सर्वांत लाडकी चूक अशी: ‘आमची वीज कोयनेची, म्हणून आमचे उत्सर्जन शून्य.’ चिपळूण परिसरातून आलेल्या दर तीन तक्त्यांपैकी एकात हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात असते. त्यामागची भावना मला समजते. पोफळीचे वीजगृह डोळ्यांसमोर आहे, शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून वीज देते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते, हे इथले शाळकरी पोरही सांगेल. पण कोयनेची १९६० मेगावॅट क्षमता काही चिपळूणसाठी राखून ठेवलेली नाही. ती वीज देशाच्या वीजजाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये जाते, तिथे ती जयगडच्या कोळशाच्या, तारापूरच्या अणुभट्ट्यांच्या आणि विदर्भातल्या औष्णिक केंद्रांच्या विजेत मिसळते, आणि आपल्या मीटरपर्यंत जे येते ते हे मिश्रण असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा पाण्याचा आहे. कोयनेतून पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, आणि म्हणूनच हे प्रकल्प मुख्यतः संध्याकाळसारख्या जास्त मागणीच्या वेळी चालवले जातात. याचा अर्थ असा की तुम्ही कारखान्यात एक नवी मोटर बसवली म्हणून कोयनेचे पाणी वाढत नाही. ते वर्षभराचे ठरलेले आहे, आणि तुमच्या मोटरीचा वाढीव भार बहुतेक वेळा कुठेतरी कोळसाच उचलतो. कोयना तुम्ही स्वतःच्या नावावर लावून घेतली, तर उरलेल्या महाराष्ट्राच्या वाट्याला तेवढी काळी वीज जास्त येते, एवढाच त्या शून्याचा अर्थ. म्हणून मी शेजारचे वीजगृह न पाहता केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते तो देशाच्या जाळ्याचा सरासरी गुणांक, म्हणजे एका युनिटमागचे उत्सर्जन, वापरतो. अलीकडच्या वर्षांत तो एका युनिटमागे ०.७० ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या दरम्यान राहिलेला आहे. ज्या वर्षाचे बिल, त्या वर्षाचा गुणांक.

दुसरी चूक चिमणीची. कोळशाची वीज म्हणजे चिमणीतून निघणारा वायू आणि सौर वीज म्हणजे शून्य, अशी तुलना जो करतो त्याने दोन वेगवेगळी मापे एका तराजूत घातलेली असतात. एक तर दोघांचे फक्त निर्मितीच्या क्षणीचे उत्सर्जन मोजा, नाहीतर दोघांचे संपूर्ण जीवनचक्र मोजा: खाण, वाहतूक, सिमेंट, पोलाद, पॅनेलचा कारखाना, सगळे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने २०१४च्या अहवालात जीवनचक्राचे जे मध्यम आकडे दिले, ते एका युनिटमागे ग्रॅममध्ये असे आहेत: कोळसा ८२०, नैसर्गिक वायू ४९०, छतावरील सौर ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरील पवनऊर्जा ११. यातला एकही आकडा शून्य नाही, हे लक्षात घ्यावे. भारतातल्या जुन्या संचांचे आणि जास्त राखेच्या कोळशाचे उत्सर्जन या मध्यम आकड्याच्या वर जाते. प्राधिकरणाचा गुणांक मात्र केंद्रात जाळलेल्या इंधनापुरताच असतो, त्यामुळे तो आणि हे ग्रॅमचे आकडे एकाच रकान्यात घालू नयेत.

जलविद्युतचा २४ हा मध्यम आकडा आहे. बुडालेले जंगल, तापमान आणि जलाशयाची खोली यांवरून मिथेन किती सुटतो ते ठरते, आणि त्याच अहवालात वरची मर्यादा २२०० आहे. वायूच्या बाबतीतही मिथेनच घात करतो. दाभोळसारख्या वायूवर चालणाऱ्या केंद्राची चिमणी कोळशापेक्षा नक्कीच स्वच्छ असते, परंतु विहिरीपासून जहाजापर्यंतच्या प्रवासात गळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तीसपट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशीपटीहून अधिक भारी पडतो.

आता ज्या चुकीमुळे मी तक्त्याआधी डिझेलची वही मागायला शिकलो, ती सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत पुढचे काही आठवडे वीज नव्हती. त्या पट्ट्यातल्या एका काजू कारखान्याचा त्या वर्षाचा तक्ता पुढच्या वर्षी माझ्याकडे आला, तो मालकांच्या नुकत्याच अभियंता झालेल्या पुतण्याने तयार केलेला होता. उत्पादन जवळपास तेवढेच, पण विजेचे युनिट ८००० ने कमी. ०.७१ ने गुणून त्याने सुमारे ५.७ टनांची बचत दाखवली होती, आणि खाली ‘कार्यक्षमतेतील सुधारणा’ असे शीर्षकही देऊन टाकले होते. मी विचारले, वादळानंतर कारखाना बंद होता का? ‘नाही काका, जनरेटरवर चालवला, पण ते बिलावर येत नाही ना.’

मग डिझेलच्या पावत्या शोधल्या. अर्ध्या पेट्रोल पंपाच्या, अर्ध्या मालकांच्या शर्टाच्या खिशातल्या, काही पावसात भिजून पुसलेल्या. सगळे मिळून सुमारे २४०० लिटर भरले. एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ६.४ टन. ज्याला बचत म्हटले होते, ती प्रत्यक्षात पाऊण टनाची वाढ होती. पुतण्या हुशार होता, त्याचे सूत्रही चुकलेले नव्हते. त्याला फक्त तक्ता संध्याकाळपर्यंत पाठवून मोकळे व्हायचे होते. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की वीजबिल उघडण्यापूर्वी जनरेटरची वही मागायची, आणि वही नसेल तर पावत्या मिळेपर्यंत आकडेमोडीला हात लावायचा नाही.

काही चुकांना एवढी जागा देण्याचे कारण नाही. मेगावॅट ही क्षमता आहे आणि युनिट ही वीज आहे. उत्सर्जन युनिटवर मोजतात. कार्बनचे वजन आणि कार्बन डायऑक्साइडचे वजन यांत ३.६७ पटीचा फरक आहे. टरफलांवर चालणारा बॉयलर ‘जैविक म्हणून शून्य’ असे लिहून सोडून देऊ नका, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. मोबाइलवरच्या तयार गणनयंत्रात देश निवडायला विसरलात, तर फ्रान्सच्या अणुविजेचा गुणांक लागून तुम्ही विनाकारण संत ठराल. जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वादात १२ ग्रॅमचा आकडा फेकणाऱ्यांनी हेही ओळखावे की तो हवामानाच्या प्रश्नाचे उत्तर आहे, मासेमारीच्या किंवा जमिनीच्या प्रश्नाचे नाही.

छतावरच्या सौर संचाबद्दल मात्र थोडे बोललेच पाहिजे. एप्रिलमधल्या एका लख्ख दिवसाचे युनिट घेऊन ३६५ ने गुणणारे मी इतके पाहिले आहेत, की कोकणात पाऊस पडतो हे त्यांना कोणीतरी लेखी कळवायला हवे. एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट ही वर्षभराची ढोबळ सरासरी आहे. जुलैत ती निम्म्यावर येऊ शकते. मी इन्व्हर्टरवरचा बारा महिन्यांचा प्रत्यक्ष आकडा घेतो, आणि संच नवा असेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अंदाज असे स्पष्ट लिहितो.

तक्ता पूर्ण झाला की शेवटी उलटा भागाकार करून पाहावा. जाळ्यातून घेतलेल्या विजेचे उत्सर्जन भागिले तिचे युनिट हे ०.७ च्या आसपास आले पाहिजे. ०.०००७ किंवा ७०० आले तर ग्रॅम, किलो किंवा टनांची गल्लत आहे. जनरेटरचे उत्तर ०.८ ते ०.९ च्या दरम्यान यावे, कारण ठीक चालणारे यंत्र एका लिटरमध्ये तीन-सव्वातीन युनिट देते. ते दीडच्या वर गेले, तर एकतर युनिटची नोंद अर्धवट आहे, नाहीतर मोठे यंत्र दोन दिव्यांसाठी रात्रभर चालले आहे, आणि तसे असेल तर आधी कारखान्याच्या रखवालदाराशी बोलावे.