गर्भाशयाच्या गाठींवर छोट्या छेदाचे उपचार झाल्यानंतर या चुका टाळा

पोटावर मोठा चिरा नाही आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडले, एवढ्यावरून बाई बरी झाली असे घरचे गृहीत धरतात, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात तिथेच होते. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठी. पिशवी न काढता त्यांवर प्रामुख्याने तीन प्रकारे उपचार होतात : पोटावरच्या लहान छेदांतून दुर्बिणीने गाठ काढणे; योनिमार्गाने दुर्बीण घालून पोकळीतली गाठ काढणे; किंवा मांडीच्या वा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करणे, ज्याला एम्बोलायझेशन म्हणतात. यांपैकी आपल्यावर नेमके काय झाले हे न विचारताच घरी येणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण विश्रांतीचे दिवस, पाळीविषयीची अपेक्षा आणि धोक्याची लक्षणे हे सारे त्यावरच ठरते. डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून मराठीत, तेलुगूत वा कन्नडमध्ये, जी घरची भाषा असेल तीत, सगळे समजून घ्यावे.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि ते आले की घरातल्या बाईला अंथरुणावर पडून राहवत नाही. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलोंहून अधिक वजन. दुर्बिणीतून गाठ काढताना ती स्नायूत खोल असेल तर गर्भाशयाच्या भिंतीला आतून टाके घातलेले असतात. बाहेरचे छेद आठ-दहा दिवसांत सुकले तरी आतली जखम भरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून साधारण चार ते सहा आठवडे जड उचलू नये असे सांगितले जाते. पाणी भरण्याची सोय कोण करणार हे ऑपरेशनची तारीख घेतानाच घरात ठरायला हवे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. योनिमार्गाने गाठ काढली असल्यास मात्र बहुधा थोड्याच दिवसांत रोजची कामे सुरू करता येतात. घरी विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास एका बैठकीत काम करतात. जांघेतून नळी घातली असेल तर सुरुवातीचे काही दिवस ही बैठक टाळावी, आणि नंतरही मधूनमधून उठून चार पावले चालावे.

एम्बोलायझेशननंतर पहिले काही दिवस पोटात कळा येणे, मळमळणे आणि थोडा ताप येणे अपेक्षित असते, कारण रक्त न मिळाल्याने गाठ आतल्या आत मरत असते. पण आठवडा उलटल्यावर 101 अंश फॅरेनहाइटच्या वर ताप चढला, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला किंवा कमी झालेली वेदना पुन्हा वाढली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. घरातल्या उरलेल्या गोळ्यांनी ताप दाबून वाट पाहू नये, कारण असा जंतुसंसर्ग काही आठवड्यांनीही होऊ शकतो.

महिनाभरात सोनोग्राफी करून ‘गाठ तशीच आहे’ म्हणून निराश होणेही चुकीचे आहे. एम्बोलायझेशनने गाठ नाहीशी होत नाही. सुमारे सहा महिन्यांत तिचा आकार साधारणपणे निम्म्याच्या आसपास कमी होतो, आणि पाळीचा त्रास त्याआधीच हलका होऊ शकतो. शेजारणीच्या अनुभवाशीही तुलना करू नये. ब्रिटनमधील 254 स्त्रियांच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर एम्बोलायझेशन झालेल्या आणि गाठ काढलेल्या अशा दोन्ही गटांचे जीवनमान सुधारले होते, मात्र गाठ काढलेल्यांचे काहीसे अधिक. आपली सुधारणा आपल्याच आधीच्या महिन्यांशी ताडून पाहावी : पॅड किती लागले, रक्ताच्या गुठळ्या पडल्या का, रात्री उठावे लागले का, हे वहीत लिहून ठेवावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

रक्तस्राव थांबला म्हणजे अंगात रक्त भरले असे नव्हे. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर थकवा, धाप, चिडचिड टिकून राहते आणि उपचार फसला असा समज होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, बद्धकोष्ठही होते, म्हणून अनेकजणी त्या मध्येच सोडतात; प्रत्यक्षात हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही त्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. गोळीबरोबर चहा घेऊ नये, लिंबूपाणी चालते. कोजागरीला तुळजापूरला चालत जाण्याचा नेम असेल, तर आधी रक्त तपासून घ्यावे.

मूल हवे असेल तर किती महिने थांबायचे हे विचारून तोवर गर्भनिरोधन वापरावे, आणि गर्भाशयाला टाके पडले असल्यास बाळंतपणाच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते जुन्या गाठीचेच असेल असे म्हणून सोडून न देता लगेच तपासणी करून घ्यावी.