फ्री किक मिळाली की आधी रेफ्रीचा हात बघा

फुटबॉलची मॅच बघताना फाऊलची शिट्टी वाजली की आपण सगळे रिप्लेकडे डोळे लावतो, कोणी कोणाला पाडलं, कोण किती लोळला वगैरे. ते राहू दे, आधी रेफ्रीकडे बघा. त्याने एक हात सरळ डोक्यावर धरून ठेवलाय? मग ती फ्री किक (फाऊलबद्दल समोरच्या टीमला मिळणारी मोकळी किक) इनडायरेक्ट, म्हणजे बॉल थेट जाळ्यात गेला तरी गोल नाही, उलट समोरच्यांना गोल किक (स्वतःच्या गोलसमोरून मारायची किक) मिळते. मध्ये दुसऱ्या कोणालातरी बॉल लागायलाच हवा, मग तो आपला असो की त्यांचा. हात वर नसेल, नुसती दिशा दाखवली असेल, तर डायरेक्ट, खुशाल गोलवर मारा.

मग फाऊल काय होता ते बघा. लाथ, धक्का, पाडणं, शर्ट धरून ओढणं, हँडबॉल, थुंकणं, चावणं (हो, चावणंसुद्धा नियमात लिहिलंय) हे सगळं डायरेक्टमध्ये येतं, आणि हेच स्वतःच्या बॉक्समध्ये (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत) केलं तर पेनल्टी. इनडायरेक्टवाले प्रकार जरा वेगळे: ऑफसाइड (पास निघताना डिफेन्सच्या पलीकडे गोलजवळ असणं), आपल्याच प्लेयरने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास कीपरने हातात घेणं, किंवा कोणी डोकं लावायला वाकलाय आणि समोरच्याने बूट तोंडाजवळ नेला पण लागला नाही. लागला असता तर डायरेक्ट. कार्डाचा आणि याचा काही संबंध नाही बरं का, पिवळं कार्ड निघालं म्हणजे डायरेक्टच असणार असं धरून चालू नका.

बघायला सगळ्यात मजा बॅकपासवाल्या किकची, कारण ती बॉक्सच्या आत मिळते. नियमाने समोरच्यांनी बॉलपासून 9.15 मीटर लांब उभं राहायचं, पण गोल त्याहून जवळ असेल तर दोन खांबांच्या मध्ये गोललाइनवर उभं राहायची सूट आहे, त्यामुळे अख्खी टीम कीपरसकट लाइनवर दाटीवाटीने उभी असते आणि पहिला टच झाला रे झाला की सगळे बॉलवर तुटून पडतात.

एरवी वॉल, म्हणजे बॉल आणि गोलच्या मध्ये डिफेन्सच्या प्लेयरनी खांद्याला खांदा लावून केलेली भिंत. 2014 च्या वर्ल्ड कपपासून रेफ्री जो पांढरा स्प्रे मारतात तो या 9.15 साठीच. डिफेन्सची वॉल तीन किंवा जास्त जणांची असेल तर किक मारणाऱ्या टीमच्या बाकीच्यांनी तिच्यापासून निदान 1 मीटर दूर राहायचं, हा नियम 2019 चा, त्याआधी वॉलमध्ये घुसून जी रेटारेटी चालायची ती बंद झाली ते बरंच झालं. आणि किकच्या आधी वॉलमधून पळत सुटायचं नाही. 1974 च्या वर्ल्ड कपमध्ये झाईरचा (आताचा डीआर काँगो) म्वेपु इलुंगा ब्राझीलची किक व्हायच्या आधीच वॉलमधून धावत आला आणि बॉल लांब उडवून दिला, पिवळं कार्ड मिळालं.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. बॉल स्थिर हवा. मारणाऱ्याने दुसऱ्या कोणाला लागायच्या आधी परत टच केला तर समोरच्यांना इनडायरेक्ट. फ्री किकला ऑफसाइड असतो, कॉर्नरवर थेट मिळालेल्या बॉलला नसतो. आणि फ्री किक थेट स्वतःच्याच गोलमध्ये गेली तर गोल नाही, कॉर्नर.

आता भांडणाचा मुद्दा, शिट्टी. किक मारायला दरवेळी शिट्टीची वाट बघावी लागत नाही! 3 मार्च 2023, बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आयएसएल या भारतीय लीगचा नॉकआऊट, एक्स्ट्रा टाइम, केरळा ब्लास्टर्स वॉल लावत होते आणि बंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने तेवढ्यात बॉल जाळ्यात टाकला. गोल दिला गेला, ब्लास्टर्सचे प्लेयर कोचसकट मैदान सोडून गेले, बंगळुरू 1-0 ने पुढे गेली, नंतर ब्लास्टर्सची तक्रार फेटाळली गेली आणि वर 4 कोटींचा दंड बसला. छेत्रीचं म्हणणं होतं की मला वॉल नको, शिट्टी नको हे त्याने रेफ्रीला सांगितलं होतं.

म्हणून स्वतः खेळत असाल तर किक मिळाल्यावर लगेच ठरवा. रेफ्रीला ‘वॉल मागे घ्या’ म्हणालात आणि तो अंतर मोजायला लागला, किंवा कार्ड काढायला लागला, की शिट्टीपर्यंत थांबावंच लागतं. पटकन मारायची असेल तर काही मागू नका. आणि डिफेन्सला असाल तर बॉलसमोर मुद्दाम उभं राहून किक अडवू नका, कार्ड मिळेल, पण बॉलकडे पाठ करून वॉल लावत बसू नका, एकाने तरी बॉलवरच नजर ठेवायची.