परसात उंच देशी झाडे लावताना या चुका टाळा

घरामागची दोन-चार गुंठे जागा पुन्हा झाडांखाली आणावी, असे ठरवणारी कुटुंबे पुणे परिसरात दिसू लागली आहेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु दर वर्षी मे महिन्यात ही मंडळी जी यादी दाखवतात, तिच्यात त्याच त्या चुका असतात. पुढे ज्यांचे छत्र व्हायचे आहे अशा मोठ्या झाडांच्या निवडीतील चूक चार-पाच वर्षे कळतच नाही. ती कळते तेव्हा शहरी हद्दीत झाड काढण्यासाठी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी मागावी लागते, आणि एवढी वर्षे गेलेली असतात ती वेगळीच.

पाऊस आणि माती न पाहता झाड ठरवणे

पुणे शहरात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला साधारण 50 किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात तो 5,000 मिलिमीटरच्या पुढे जातो, तर पूर्वेला बारामतीकडे 500 च्या आसपास राहतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना ‘सह्याद्रीतील देशी झाडे’ अशी एकच यादी सगळ्यांनी वापरणे मला अजिबात पटत नाही.

सासवडच्या बाजूला एका परिचितांच्या घरामागे मुरमाड, उताराची जागा आहे. कोकणातील एका देवराईत पाहिलेली झाडे त्यांना फार आवडली होती, म्हणून त्यांनी हौसेने सीता अशोक, सुरंगी, नागचाफा आणि कोकम यांची रोपे आणली. पावसाळाभर रोपे टवटवीत होती. दिवाळीनंतर कोरडे वारे सुटले तशा पानांच्या कडा तपकिरी पडू लागल्या, मार्चमध्ये टँकर सुरू झाला, आणि मे अखेरीस सुरंगीच्या नुसत्या काड्या उरल्या. सीता अशोकाची लोंबती कोवळी पालवी तर उलगडण्याआधीच भाजून गेली होती. त्याच आवाराच्या बांधावर कोणीही न लावलेली मोई, मेडशिंगी आणि पळस ही झाडे होती. उन्हाळ्यात त्यांची पाने गळालेली पाहून ती वाळली आहेत असे घरच्यांना वाटले होते आणि ती तोडण्याचे बोलणेही झाले होते. मी गेलो तेव्हा पळसाला थेंबभर पाणी न मिळताही नवी पाने फुटत होती.

माझी सवय अशी आहे की, रोपवाटिकेत जाण्याआधी घरापासून पाच-दहा किलोमीटरच्या आतला एखादा राखलेला डोंगरउतार, ओढ्याचा काठ किंवा देवराई पाहायची, आणि तीही एप्रिलमध्ये. पावसाळ्यात सगळेच हिरवे दिसते, त्यामुळे त्या वेळी पाहिलेल्यावरून काही ठरवता येत नाही. आपल्यासारखीच माती आणि तसाच उतार असलेल्या जागी जे मोठे झाड आपणहून उभे आहे, ते यादीत पहिले यावे. पुण्याच्या आसपास उथळ मुरमावर धावडा, सालई, मोई, मेडशिंगी. माती खोल असेल तर बेहडा, शिरीष, किन्हई, वावळ. ओढ्यालगत अर्जुन, उंबर, करंज, जांभूळ. मुळशीच्या घाटमाथ्याकडे हिरडा, अंजनी, जांभूळ आणि आंबा यांना प्राधान्य द्यावे. कोकणात ऐन, किंजळ, नाना आणि बेहडा. सीता अशोक हवाच असेल, तर आधी दुसऱ्या झाडांची सावली होऊ द्यावी आणि मग, पाण्याची खात्री असेल तरच, तिच्याखाली त्याचे रोप लावावे. मूळचा तो जंगलातील ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारा वृक्ष आहे.

उंच रोपाचा मोह

‘आम्हांला लवकर सावली हवी’ असे सांगून दहा-दहा फुटांची रोपे आणणाऱ्यांना थांबवणे मला सर्वांत अवघड जाते. भोरजवळच्या एका घराच्या आवारात अशी उंच जांभळे लावली होती. पहिली दोन-तीन वर्षे शेजारपाजारचे लोक ती पाहायला येत. पुढे एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात त्यांतली दोन मुळासकट आडवी झाली. उपटलेला गड्डा मी हाताने माती झाडून पाहिला. मुळे अजूनही पिशवीच्याच आकारात होती, गोल गोल फिरून एकमेकांवर आवळली गेलेली, काही तर मनगटाएवढी जाड. बाहेरच्या मातीत शिरलेले मोठे मूळ एकही नव्हते. रोप पिशवीत फार काळ ठेवले की मुळे भिंतीला लागून वळतात, आणि एकदा वळलेली मुळे जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाहीत.

म्हणून मी दीड-दोन फुटांचे, साधारण वर्षभराचे रोप घेतो आणि विकणाऱ्याला वाईट वाटले तरी पिशवी एका बाजूने उघडून मुळे पाहतो. जांभूळ, करंज, कुसुम यांचे तर ताजे बी जागेवरच टोकावे, असे माझे मत आहे. जांभळाचे बी काही आठवड्यांतच निकामी होते, त्यामुळे फळ खाल्ल्यावर ते फार दिवस ठेवू नये. टोकलेल्या जागेभोवती बोरीच्या किंवा बाभळीच्या फांद्या रोवल्या की शेळ्यांपासून बचाव होतो. असे झाड पहिली दोन वर्षे खुजे दिसते, कारण ते आधी खाली मुळे धरत असते. एवढा काळ थांबण्याची तयारी नसेल, तर मोठ्या झाडांच्या नादी लागू नये.

पाटीवरच्या नावावर विसंबणे

शिरीष म्हणून विकले जाणारे रोप अनेकदा वर्षावृक्षाचे निघते. तो मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील आहे. मुंबईत रस्त्याकडेचे कितीतरी वर्षावृक्ष पिठ्या ढेकूण या किडीमुळे वाळून गेले. वर्षावृक्षाच्या पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी छोटी पाने, तिरकस चौकटीच्या आकाराच्या असतात आणि टोकाकडची जोडी सर्वांत मोठी असते. शिरीषाच्या पर्णिका लांबट असतात. आईझाड पाहता आले तर शंकाच उरत नाही. शिरीषाच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ आणि फिक्या पिवळ्या असून वाऱ्याने खुळखुळतात. वर्षावृक्षाच्या जाड, काळपट आणि आतून चिकट असतात. आपट्याच्या नावाने कांचन, अशोकाच्या नावाने आसुपालव आणि कळंबाच्या नावाने कदंब हे प्रकारही नेहमीचे आहेत.

गर्दी

एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. बेहड्याचा किंवा शिरीषाचा घेर पुढे 30 ते 40 फूट सहज होतो. तेव्हा गुंठ्याला मोठे झाड एक, फार तर दोन. उरलेल्या जागेत बहावा, आपटा यांसारखी मध्यम झाडे आणि खाली झुडपे. जपानमध्ये अकिरा मियावाकी यांनी रुजवलेल्या पद्धतीत चौरस मीटरला तीन ते पाच रोपे, म्हणजे गुंठ्यात 300 ते 500 रोपे बसवतात. सात-आठ महिने कोरडे जाणाऱ्या दख्खनच्या मुरमावर एवढी दाटी पाण्याशिवाय टिकत नाही, आणि घराच्या आवारात तर मी तिचा सल्ला देणारच नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. वड आणि पिंपळ भिंतीपासून, विहिरीपासून आणि सांडपाण्याच्या टाकीपासून खूप लांब असावेत. पहिल्या सरीला रोप लावू नये. माती वीतभर खोल भिजली की लावावे. खोड संपून मुळे जिथे सुरू होतात तो भाग मातीत गाडू नये. जागेवर आधीची गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) झाडे असतील तर ती एकदम न काढता, नवी रोपे कमरेएवढी होईपर्यंत छाटून त्यांची सावली वापरावी. गळालेला पाला जाळू नये, तो आळ्यात पसरावा. आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडले की मुळे वरच्या थरातच घोटाळतात.