पुष्य-आश्लेषेच्या आधी: कृष्णा-पंचगंगेच्या मळीसाठी पूरसल्ला

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठची मळी (नदीकाठची गाळाची जमीन) कसणाऱ्यांना वर्षातला एक महिना जपायचा असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांचे पाणी साधारण २० जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान चढले, म्हणजे पुष्य आणि आश्लेषा नक्षत्रांत. नेमकी याच दिवसांत आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावायच्या) उसाच्या लावणीची घाई असते. बेणे (लावायच्या उसाच्या कांड्या) सरीत पडते, आठवड्याने त्यावर पाणी चढते आणि डोळे फुगण्याआधीच कुजतात. म्हणून सगळ्यात आधी हे सांगणे: जी मळी गेल्या वीस वर्षांत एकदा जरी बुडाली असेल, तिच्यात १५ ऑगस्टच्या आत आडसालीची कांडी टाकू नका.

समुद्राकडून काय कळते

आपल्या पावसाची ओल येते अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातून. समुद्राचे वरचे पाणी कुठे तापते आणि कुठे निवते, हे वाऱ्यावर आणि पाण्याखालच्या प्रवाहांवर ठरते. प्रशांत महासागरात एरवी पूर्वेकडून येणारे वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलत असतात. ते वारे मंदावले की कोमट पाणी परत पूर्वेला सरकते. हाच एल निनो. त्या वर्षी आपल्याकडे पावसात खंड पडण्याची शक्यता वाढते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो एल निनोच्या वर्षातच.

हिंदी महासागराचेही असेच एक तंत्र आहे. विषुववृत्तावर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान प्रवाह धावतो आणि कोमट पाणी सुमात्राच्या बाजूला नेतो. काही वर्षी पूर्वेचे वारे जोर धरतात, हा प्रवाह दुबळा होतो, सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते आणि आफ्रिकेच्या बाजूचा समुद्र तापतो. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, मराठीत द्विध्रुव. पश्चिमेची बाजू तापली तर तो धन, पूर्वेची तापली तर ऋण. निर्देशांक +०.४ अंशांच्या वर काही आठवडे टिकला तर धन द्विध्रुव धरतात. तो मे-जूनमध्ये आकार घेतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिगेला पोचतो, त्यामुळे एप्रिलमधल्या बातमीवर विसंबू नका. जूनअखेरचा अंदाज जास्त खरा.

२०१९ मध्ये हे सगळे डोळ्यांसमोर घडले. जूनमध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी होता. मग धन द्विध्रुव जोर धरत गेला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगली-कोल्हापूर बुडाले, सप्टेंबरमध्ये देशभर सरासरीच्या दीडपट पाऊस झाला, मान्सूनची माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर अरबी समुद्रात क्यार आणि महा ही चक्रीवादळे पाठोपाठ आली आणि गोडी छाटणी (फळधारणेसाठीची छाटणी) झालेल्या द्राक्षबागा ऐन फुलोऱ्यात भिजल्या.

पण २०२१ मध्ये द्विध्रुव ऋण होता, तरीही २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि महापूर आला. एखाद्या आठवड्याचा पूर ठरतो तो उपसागरात लागोपाठ तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आणि किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्यावर. समुद्राचे निर्देशांक हंगामाचा कल सांगतात, पुराची तारीख सांगत नाहीत. “यंदा एल निनो आहे, पूर येणार नाही” असे म्हणून नदीकाठची मोटर खाली ठेवणे हा यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

तर या माहितीचा उपयोग कुठे करायचा? धन द्विध्रुव असेल तर परतीचा पाऊस लांबेल असे धरून सोयाबीनचा लवकर येणारा वाण घ्या, मळणीची आणि ताडपत्रीची सोय सप्टेंबरमध्येच करून ठेवा आणि द्राक्षाची सगळी बाग एकाच आठवड्यात छाटू नका. चार आठवड्यांच्या कलासाठी हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज बघा. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. फवारणी आणि खताचा बेत त्यावर आखा.

तुमच्या बांधाचा आकडा

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर हीच पातळी ३९ आणि ४३ फूट. हे आकडे शहरासाठी ठरवलेले आहेत. तुमचे शेत त्याआधीच पाण्यात जाऊ शकते. मागच्या पुरात तुमच्या बांधाला पाणी लागले तेव्हा आयर्विनला किंवा राजारामला किती फूट होते, हे घरातल्या जाणत्यांना विचारा, जुने फोटो आणि वर्तमानपत्रे ताडून पाहा आणि तो आकडा मोटारीच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाणी त्या आकड्याच्या चार फूट खाली असतानाच हालचाल सुरू करायची. शिरोळ तालुक्यात मात्र दोन्ही आकडे बघावे लागतात. नृसिंहवाडीला कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे चढतो. वर पाऊस थांबला तरी तुमच्याकडे पाणी दोन-दोन दिवस वाढत राहते ते यामुळे.

धरणाची बातमी वाचताना एक हिशेब लक्षात ठेवा: सुमारे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर वाहिले की १ टीएमसी (शंभर कोटी घनफूट) पाणी होते. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. धरणात १०० टीएमसी साठा आणि आवक ५८ हजार क्युसेक असेल, तर उरलेली जागा एका दिवसात भरते, म्हणजे विसर्ग वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. जुलैअखेर धरण किती भरले यापेक्षा किती रिकामे आहे हे बघा.

पाणी चढू लागल्यावर क्रम असा ठेवा. आधी जनावरे हलवा, मग मोटर आणि स्टार्टर काढा, मग ठिबकच्या लॅटरल (बारीक नळ्या) गुंडाळा, शेवटी खत-बियाणे उचला. मोटर काढण्याआधी डीपीवरून (रोहित्राच्या पेटीवरून) वीज बंद झाल्याची खात्री करा. फक्त स्टार्टर बंद करून भागत नाही. जनावरे हलवणे शक्यच नसेल तर निदान दावी सोडा. बांधलेले जनावर गोठ्यातच बुडते, मोकळे उंचवटा शोधते. घटसर्प आणि फऱ्याची लस मात्र पावसाळ्याच्या तोंडावर टोचलेली हवी, पुरात ती टोचून उपयोग नाही.

मळीतल्या उसाचे नियोजन

उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस पंधरा दिवसही तग धरतो. शेंडा बुडाला की दिवस मोजायचे. त्यामुळे ऑगस्टमध्ये उसाची उंची किती असेल हाच लावणीचा निकष. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला ‘सुरू’ हंगामातला ऊस तेव्हा पाच-सहा फुटांचा असतो आणि सर्वांत आधी बुडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लावण आणि लवकर तुटलेल्या उसाचा खोडवा (बुडख्यातून पुन्हा फुटलेले पीक) पुरुषभर उंचीच्या पुढे गेलेला असतो. मळीला तोच बरा. पाणी साचणाऱ्या, चोपण (क्षारामुळे घट्ट झालेल्या) जमिनीत फुले २६५ हा वाण को ८६०३२ पेक्षा जास्त तग धरतो.

आडसालीच करायची असेल तर रोपे तयार करा. जुलैच्या मध्याला उंचावरच्या जागेत एक डोळ्याची कांडी १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून त्यात दहा मिनिटे बुडवा आणि ट्रेमध्ये कोकोपीटात लावा. ३५ ते ४० दिवसांत रोप लावणीला येते, म्हणजे ऑगस्टअखेर. साडेचार बाय दोन फुटांवर एकरी ४,८४० रोपे लागतात. नांग्यांसाठी (रोपे मेलेल्या रिकाम्या जागा भरायला) ५०० जास्त धरा. ही रोपे पूर आला तर बुडालेल्या जागी नांग्या भरायला कामी येतात, नाही आला तर लावण आहेच.

पाणी उतरल्यावर

पहिली चूक घाईची असते. जमीन चिखल असताना ट्रॅक्टर किंवा माणसे आत घालू नका. काळी जमीन दाबली गेली की पुढचे वर्षभर मुळांना हवा मिळत नाही. उताराच्या खालच्या अंगाला दोन-तीन फूट खोल चर काढा आणि साचलेले पाणी वाहून जाऊ द्या. वापसा (काम करण्याजोगी ओल) आला की नाही हे पाहायला मुठीत माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वापसा आहे, चपटा झाला तर थांबा.

पानांवर बसलेला गाळ वाळायच्या आत, बांधावरून जेवढा फवारा पोचेल तेवढा, साध्या पाण्याने धुऊन काढा. वाळलेला गाळ पान झाकून टाकतो आणि नंतर निघत नाही.

मग ऊस जिवंत आहे का ते तपासा. पाणी उतरल्यावर चार-पाच दिवसांनी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून वीस ऊस निवडा. शेंड्याचा वरचा फूटभर भाग कापून कोयत्याने उभा चिरा. आतला कोंब पांढरट, टणक आणि रसरशीत असेल तर ऊस वाचला. तपकिरी, बुळबुळीत असेल आणि आंबूस कुबट वास येत असेल तर शेंडा मेला. पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीत) गाळ भरून राहिला की कोंब असाच कुजतो, वरची पाने आणखी काही दिवस हिरवी दिसतात म्हणून फसायला होते. वीसपैकी किती मेले ते लिहून ठेवा, पुढचा निर्णय त्यावर.

बहुतेक कोंब जिवंत आणि तोडणीला पाच-सहा महिने असतील, तर वापशावर एकरी एक गोणी युरिया आणि २५ किलो पोटॅश द्या. साचलेल्या पाण्यात नत्र काही खाली वाहून जाते, काही वायू होऊन उडते, म्हणून ऊस पिवळा पडतो. मुळे पूर्ववत होईपर्यंत १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरियाची फवारणी आधार देते. तोडणी दोन-तीन महिन्यांवर आलेल्या उसाला नत्र देऊ नका, साखर उतरते. पोक्का बोंग रोगात शेंड्याची पाने पिळवटून आखडतात. तसे दिसले तर मॅन्कोझेब १० लिटरला ३० ग्रॅम फवारा.

निम्म्याहून जास्त कोंब मेले असतील तर त्या उसाला खत घालून पैसे वाया घालवू नका. शेंडा मेला की बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात, कांड्यांवर मुळ्या सुटतात आणि हे सगळे उसात साठलेल्या साखरेवर पोसले जाते. दर आठवड्याला वजन आणि उतारा (साखरेचे प्रमाण) घटतो. कारखान्याच्या गट ऑफिसात बुडीत ऊस म्हणून लेखी नोंद करा आणि हंगाम सुरू होताच पहिल्या तोडीत तो घालवा. त्याचे बेणे कुणालाही देऊ नका. लहान लावण निम्म्याहून जास्त गेली असेल तर नांगरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरभरा घ्या. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायला विसरू नका, कारण पुराच्या जमिनीत मर रोगाची भीती असते.

सोयाबीन तीन दिवसांहून जास्त पाण्यात राहिले की मुळांवरच्या गाठी मरतात आणि झाड पिवळे पडते. शेंगा भरत असतील तर वापशावर १०० ग्रॅम १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट खत) आणि पानांवर ठिपके असतील तर टेब्युकोनॅझोल १० टक्के अधिक गंधक ६५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक २५ ग्रॅम, दोन्ही १० लिटर पाण्यासाठी, पण वेगवेगळ्या दिवशी फवारा. भिजलेल्या शेंगांचे बियाणे राखू नका.

हळदीला पाणी अजिबात सोसत नाही. निचरा झाला की त्याच दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ५ ग्रॅम याप्रमाणे खोडाशी आळवणी करा (द्रावण ओता). ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर त्यानंतर पंधरा दिवसांनी, लगेच दिला तर तांबे त्याला मारते. कुठलेही औषध घेताना लेबलवर आपल्या पिकाचे नाव आहे का ते बघून घ्या.

मोटर, पंचनामा, चारा

पाण्यात बुडालेली मोटर “चालते का बघू” म्हणून कधीही सुरू करू नका. वाइंडिंग एका क्षणात जळते. उघडून गोड्या पाण्याने गाळ धुवा, सावलीत वाळवा, बेअरिंग बदला आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) लावून बघा. इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवणे किंवा वार्निश करणे भाग आहे. ठिबकचे फिल्टर उघडून धुवा आणि लॅटरलची टोके सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.

सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावे लागते. जमिनीवरचा गाळ काढायच्या मदतीसाठी थर ३ इंचांहून जाड असावा लागतो, म्हणून पंचनाम्याआधी गाळ हलवू नका. थरात पट्टी उभी रोवून फोटो काढा, फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटेल असे बघा. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) सुरू होताच पहिल्या आठवड्यात नोंद करून टाका. पीक बुडाल्यावर सातबाऱ्यावर ते दाखवणे अवघड जाते. पीकविम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात, यंदाच्या पावतीवर काय लिहिले आहे तेच धरा.

गाळ लागलेला किंवा बुरशी आलेला कडबा जनावरांपुढे टाकू नका. पुरानंतर चारा नसतो म्हणून नुसत्या उसाच्या वाढ्यांवर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) जनावरे काढली जातात. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना (कॅल्शियम) कमी होतो आणि दुभती जनावरे बसतात. रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्या, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा आणि सोबत थोडा तरी दुसरा वाळला चारा घाला.