व्हीएकडचं अपील मागे घेताय? आधी निकालपत्रावरची तारीख बघा

अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या माणसाचे कान रात्रंदिवस वाजत राहतात. टिनिटस. व्हीएने (माजी सैनिकांच्या भरपाईचं काम बघणारं अमेरिकी सरकारी खातं) भरपाई नाकारली, म्हणून त्याने बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्सकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या व्हीएच्या बोर्डाकडे, अपील केलं. आता ते मागे घ्यायचंय. त्याला चार ओळींचं पत्र पुरतं, पण ते लिहिण्याआधी नकाराचं निकालपत्र हातात घ्या.

त्यावरच्या तारखेपासून एक वर्ष मोजा. अपील मागे घेतलं की ते कधी केलंच नव्हतं असं धरून मुदत मोजतात. बोर्डाकडे गेलेले महिने परत मिळत नाहीत. समजा निकाल १० मार्चचा आणि माघार नोव्हेंबरात. पुढच्या १० मार्चच्या आत नव्या पुराव्यासह सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे पूरक दावा (फॉर्म २०-०९९५) भरला, तर मंजुरीनंतर मूळ अर्जापासूनची थकबाकी मिळू शकते. वर्ष उलटून गेलं, तर पैसे साधारणपणे नव्या अर्जाच्या तारखेपासूनच. या एका तारखेपायी घरात येणारे हजारो डॉलर जाऊ शकतात, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

मागणी पूर्ण मंजूर झाली म्हणून माघार घेत असाल तर ठीकच. पण नुसता नवा डॉक्टरी अहवाल जोडायचा असेल, तर थांबा. बोर्डाकडे अपिलांच्या वेगवेगळ्या रांगा असतात. त्यातल्या डायरेक्ट रिव्ह्यूत नवा पुरावा बघत नाहीत, पण रांग बदलून मागता येते. बोर्डाकडच्या अपिलाचा फॉर्म १०१८२ पुन्हा भरायचा. निकालापासून एक वर्ष किंवा बोर्डाला अपील मिळाल्यापासून ६० दिवस, यातली जी मुदत नंतर संपते तिच्या आत. पुरावा देऊन किंवा सुनावणीत साक्ष देऊन झाली असेल, तर मात्र ही वाट बंद.

माघार पक्की असेल तर पत्रात माजी सैनिकाचं नाव, व्हीए फाइल नंबर आणि अर्जदार वेगळा असेल (उदाहरणार्थ पत्नी) तर त्याचंही नाव हवं. अपिलात गुडघा, पाठ, कान असे तीन मुद्दे असले, तर नेमकं काय सोडताय ते लिहा. पत्र इंग्रजीत, मजकूर असा:

‘टिनिटसबाबतचं अपील मी मागे घेत आहे. गुडघा आणि पाठ यांबाबतचं अपील चालू ठेवावं.’

फोनवर सांगून चालत नाही. लेखी द्या, नाहीतर सुनावणीत नोंदवा. पत्र बोर्डाकडेच पाठवा, आणि तेही बोर्डाचा निकाल लागण्याआधी पोचलं पाहिजे. डीएव्ही (डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स) किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी मोफत मदत करतात. सही करण्याआधी मसुदा त्यांना दाखवा.