परदेशातील अध्यापनाची नोकरी संपवून परतताना या चुका टाळा

परदेशातील शाळेत काही वर्षे शिकवून परत निघणाऱ्या शिक्षकांचा शेवटचा महिना बहुधा एकाच क्रमाने जातो. आधी बॅगा उघडल्या जातात, कपड्यांचे आणि पुस्तकांचे ढीग लागतात, आणि कागदपत्रे, बँक व माणसे शेवटच्या आठवड्यावर ढकलली जातात. हा क्रमच मुळात उलटा आहे. कपडे एका रात्रीत भरता येतात आणि राहिलेले खोके एखादा सहकारी मागाहून पाठवू शकतो. परंतु शाळेच्या कार्यालयातील सही, अनामत रकमेचा समोरासमोर झालेला हिशेब आणि वर्गातील मुलांना प्रत्यक्ष सांगितलेला निरोप या गोष्टी त्या देशात असतानाच होतात. म्हणून कामांची यादी करताना प्रत्येक कामापुढे ‘हे परत गेल्यावर करता येईल का?’ एवढेच लिहावे आणि ज्यांचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘अवघड आहे’ असे येईल, ती कामे शेवटचे सत्र सुरू होतानाच हाती घ्यावीत.

अनुभव प्रमाणपत्र न वाचता घेणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. शाळेचे कार्यालय निरोपाच्या दिवशी एक लिफाफा हाती देते, तो सामानात जातो आणि पुढच्या नोकरीच्या अर्जाच्या वेळीच उघडला जातो. आत ‘यांनी आमच्या शाळेत समाधानकारक काम केले’ अशा अर्थाच्या दोन ओळी असतात. नव्या शाळेला वेतनश्रेणी ठरवण्यासाठी हवी असलेली माहिती त्यात नसते: रुजू होण्याची आणि कार्यमुक्त होण्याची तारीख, पद, शिकवलेले विषय, मुलांचा वयोगट, आठवड्याचे तास आणि नोकरी पूर्णवेळ होती की अर्धवेळ. हे प्रमाणपत्र कार्यालयातच, खिडकीपाशी उभे राहून, ओळ न् ओळ वाचावे. नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का, तारखा करारपत्राशी जुळतात का, शाळेच्या लेटरहेडवर शाईची सही आणि शिक्का आहे का, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा खाली छापला आहे का, हे पाहावे आणि मूळ प्रती दोन-तीन मागून घ्याव्यात. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये मुख्याध्यापकही करारावर असतात. दोन वर्षांनी आपल्याला ओळखणारे कोणी त्या कार्यालयात असेलच असे नाही.

हे प्रमाणपत्र दुसऱ्या देशात सरकारी कामासाठी वापरायचे असेल, तर पुढची पायरी अपोस्टिलची, म्हणजे कागदावरील सही-शिक्का खरा असल्याच्या सरकारी दाखल्याची आहे. १९६१च्या हेग करारातील सदस्य देशांमध्ये कागदपत्रांच्या सत्यतेसाठी अपोस्टिल पुरते. मात्र ते ज्या देशात कागद तयार झाला त्याच देशाच्या अधिकृत कार्यालयाकडून मिळते. घरी परतल्यावर आपल्या देशात ते करून घेऊ, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. खाजगी शाळेच्या पत्रावर अनेक ठिकाणी आधी नोटरीची सही लागते आणि त्यात काही दिवस सहज जातात. नियम बदलतही असतात. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, त्यामुळे तेथे शिकवलेल्या जुन्या सहकाऱ्याने सांगितलेली दूतावासाची लांबलचक प्रक्रिया आज तशीच राहिलेली नाही. जो देश सदस्य नाही, तेथे मात्र अजूनही दूतावासातून साक्षांकन करून घ्यावे लागते.

पोलीस चारित्र्य प्रमाणपत्राबाबत थोडा वेगळा विचार करावा लागतो. मुलांसोबत काम करणाऱ्याकडून पुढची शाळा पूर्वीच्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र मागते, आणि परदेशातून अर्ज करताना बोटांचे ठसे, दूतावासातील हेलपाटे आणि टपालाची वाट पाहणे यांत नाकी नऊ येतात. त्यामुळे निघण्याआधी एक प्रमाणपत्र काढून ठेवावे. तरी काही यंत्रणांना देश सोडल्यानंतरच्या तारखेचेच प्रमाणपत्र चालते, हे लक्षात घेऊन बाहेरून अर्ज करण्याची रीत, लागणारा निवासाचा पुरावा आणि ओळखक्रमांक यांची नोंद करून ठेवणे तितकेच आवश्यक आहे. निवासपत्र विमानतळावर जमा करावे लागणार असेल, तर त्याची दोन्ही बाजूंची प्रत आधीच काढावी.

हक्काच्या पैशावर पाणी सोडणे

नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमांची चौकशी अनेक शिक्षक करतच नाहीत, कारण पगार वेळेवर मिळाला म्हणजे हिशेब पुरा झाला असे त्यांना वाटते. दक्षिण कोरियात सलग एक वर्ष काम पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला प्रत्येक वर्षामागे किमान ३० दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी रक्कम नोकरी सोडताना मिळते आणि ती साधारणपणे १४ दिवसांत देणे मालकावर बंधनकारक असते. म्हणजे विमानाचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून वर्ष भरण्याच्या आठवडाभर आधी राजीनामा देणारा जवळजवळ एका महिन्याच्या पगाराला मुकतो. संयुक्त अरब अमिरातीत एक वर्ष पूर्ण केल्यानंतर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. येथे ‘मूळ वेतन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण घरभाड्याचा आणि प्रवासाचा भत्ता त्यात धरला जात नाही.

जपानमध्ये सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ निवृत्तिवेतनाचे हप्ते भरलेल्या परदेशी व्यक्तीला देश सोडल्यावर एकरकमी परतावा मागता येतो, परंतु अर्जाची मुदत दोन वर्षांची आहे. नोकरदारांच्या निवृत्तिवेतन योजनेतील परताव्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मागायचा असेल तर जपानमध्ये राहणारी एखादी व्यक्ती कर प्रतिनिधी म्हणून नेमावी लागते, आणि ही नेमणूक निघण्यापूर्वी कर कार्यालयात जाऊन केलेली बरी. परतावा घेतला की ती वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून वजा होतात. आपल्या देशाचा त्या देशाशी सामाजिक सुरक्षा करार असेल, तर ती वर्षे राखून ठेवणे अधिक लाभाचे ठरेल का, हे आधी तपासावे. जपानमध्येच निवासी कर १ जानेवारीला तेथे राहणाऱ्यांवर आदल्या वर्षाच्या उत्पन्नानुसार लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात निघणाऱ्याला शेवटच्या पगारातून अचानक मोठी कपात दिसते. ती चूक नसते. तेवढी तजवीज मात्र हवी.

बँक खाते घाईने बंद करू नये. शेवटचा पगार, घराची अनामत, विजेच्या बिलातील जादा रक्कम आणि करपरतावा हे सर्व बहुधा आपण गेल्यानंतर येते. त्याहूनही अधिक वेळा नडते ते मोबाइलचे सिमकार्ड. खाते चालू असते, पैसे जमा झालेले असतात, परंतु ओटीपी ज्या क्रमांकावर जातो तो क्रमांक आपण आदल्या महिन्यात परत केलेला असतो. क्रमांक किमान भाड्याच्या योजनेवर काही महिने चालू ठेवावा किंवा बँकेत प्रत्यक्ष जाऊन ओटीपीची पद्धत बदलून घ्यावी. दुरून हे काम फार क्वचित होते. शाळेने दिलेल्या ईमेलवर कोणकोणती खाती उघडली होती तेही आठवून बदलावे, कारण तो पत्ता शेवटच्या कामाच्या दिवशीच बंद होऊ शकतो. त्या खात्यातील आपल्या पाठांच्या टाचणांवर शाळेचा हक्क आहे का, हे करारात पाहावे आणि परवानगी असल्यास ती उतरवून घ्यावीत. मुलांचे गुण, पत्ते, छायाचित्रे आणि वैयक्तिक नोंदी मात्र सोबत नेऊ नयेत. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेला माहिती संरक्षणाचा कायदा याबाबत कडक आहे, आणि जेथे असा कायदा नाही तेथेही मुलांची माहिती आपली नसतेच.

सामान

याबाबत थोडक्यात सांगता येईल. शिक्षकाच्या सामानात वजन असते ते पुस्तकांचे आणि कागदांचे. बहुतेक विमान कंपन्यांची इकॉनॉमी वर्गातील बॅगेची मर्यादा २३ किलो असते आणि ३२ किलोंहून जड बॅग सहसा स्वीकारलीच जात नाही, त्यामुळे पुस्तके अनेक बॅगांत वाटून भरावीत किंवा छापील साहित्यासाठी टपाल खात्याची सवलतीची सेवा असल्यास तिने पाठवावीत. समुद्रमार्गे दोन-तीन महिने लागतात, म्हणून नव्या नोकरीत पहिल्या दिवशी लागणारे काही त्यात घालू नये. पॉवर बँक हातातील बॅगेतच ठेवावी. १०० वॅट-तासांपर्यंतची, म्हणजे सुमारे २७,००० एमएएचची, सहसा चालते. जपानमध्ये घरगुती वीजपुरवठा १०० व्होल्टचा आणि अमेरिकेत १२० व्होल्टचा असतो, तर जगात बहुतेक ठिकाणी तो २२० ते २४० व्होल्टचा असतो. जपान-अमेरिकेतील किटली किंवा इस्त्री दुसरीकडे नेऊन उपयोग नाही. मुलांनी दिलेल्या भेटींत बिया, वाळलेली पाने, पिसे किंवा कच्चे लाकूड असेल तर उतरल्यावर ते जाहीर करावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याबाबत हयगय चालत नाही.

निरोप उरकून टाकणे

मुले अस्वस्थ होतील म्हणून आपले जाणे शेवटच्या दिवसापर्यंत लपवणे, ही चांगल्या हेतूने केलेली पण मुलांवर अन्याय करणारी चूक आहे. सुट्टीनंतर शाळेत आलेल्या मुलाला खुर्चीत दुसरेच शिक्षक दिसतात, आणि मोठी माणसे न सांगता निघून जातात, असे त्याच्या मनात बसते. आधी मुख्याध्यापकांना, मग सहकाऱ्यांना आणि शाळेच्या संमतीने मुलांना व पालकांना, या क्रमाने बातमी द्यावी. लहान मुलांना दोन-तीन आठवडे पुरतात. त्याहून फार आधी सांगितले तर रोज तोच प्रश्न येतो. सांगताना कारण सोपे आणि खरे असावे. ‘मी लवकरच भेटायला येईन’ हे वाक्य, जाणे ठरलेले नसेल तर, उच्चारू नये. मोठ्यांना ते सौजन्य वाटते, पण मूल त्या वाक्यावर विसंबून दिवस मोजत राहते.

आंतरराष्ट्रीय शाळांच्या वर्तुळात ‘राफ्ट’ नावाची चार टप्प्यांची पद्धत प्रचलित आहे: राहिलेले मतभेद मिटवणे, ज्यांचे ऋण आहे त्यांना ते बोलून दाखवणे, माणसांचा आणि जागांचा निरोप घेणे, आणि पुढच्या ठिकाणाचा विचार सुरू करणे. यातील पहिला टप्पा बहुतेक जण टाळतात. ज्या सहकाऱ्याशी वर्षभर अबोला होता, त्याच्याशी आता बोलून काय उपयोग, असे वाटते. परंतु न मिटलेला वाद सोबत येतो, आणि पुढे शिफारशीसाठी त्याच माणसाकडे विचारणा होते. दुसऱ्या टप्प्यातही मुख्याध्यापकांचे आभार भाषणात मानले जातात, पण रोज सकाळी वर्ग उघडून देणारे, व्हिसाचे कागद भरून देणारे, बसमध्ये मुलांना सांभाळणारे कर्मचारी राहून जातात. त्यांना स्वतः जाऊन भेटावे, आणि त्यांनी नेमके काय केले ते नाव घेऊन सांगावे.

मुलांसाठी शिक्षकाने मागे ठेवायची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे येणाऱ्या शिक्षकासाठी लिहिलेली टिपणे. अभ्यासक्रम कुठवर झाला हे तर त्यात हवेच. पण खिडकीजवळच्या मुलीला फळा नीट दिसत नाही आणि ती ते सांगत नाही, मागच्या बाकावरील मुलगा मोठ्याने वाचायला सांगितले की गप्प होतो पण शेजाऱ्याला हळू आवाजात संपूर्ण धडा वाचून दाखवतो, अशा गोष्टी दप्तरी नोंदींत सापडत नाहीत. ही टिपणे शाळेच्या ताब्यात द्यावीत, आणि मुलाच्या पालकांनी ती वाचली तरी अवघड वाटणार नाही अशा शब्दांत लिहावीत.

मुलांना स्वतःचा खाजगी क्रमांक देणे किंवा समाजमाध्यमांवर त्यांना जोडून घेणे टाळावे. अनेक शाळांच्या बालसुरक्षा धोरणात ते निषिद्ध असते. वर्गासाठी पत्र पाठवायचे असेल तर ते शाळेच्या पत्त्यावर, सर्व मुलांना उद्देशून पाठवावे.

निघून गेल्यावर अडचण आली तर

प्रमाणपत्रातील चूक नंतर लक्षात आली, तर मजकूर स्वतः तयार करून, करारपत्राची प्रत जोडून शाळेला पाठवावा. कोऱ्या विनंतीपेक्षा सहीसाठी तयार असलेल्या कागदाला उत्तर लवकर मिळते. अनामत अडकली असेल, तर घर सोडतानाची तारीख असलेली छायाचित्रे, मीटरचे रीडिंग आणि किल्ल्या परत केल्याची पावती यांवर सगळे अवलंबून असते, म्हणून ती घर रिकामे झाल्याच दिवशी जमवावीत. करविवरणे आणि पगारपत्रके काही वर्षे जपून ठेवावीत. परतल्यानंतर काही महिने आपल्याच माणसांत परके वाटत असेल, तर तेही अपेक्षितच आहे; परदेशात गेल्यावर मन एकदा खचते तसे परतल्यावर पुन्हा खचते, हा दुसरा उतार गुलाहॉर्न या संशोधक दाम्पत्याने १९६३ सालीच मांडला होता. या काळात नवी नोकरी स्वीकारण्याचा किंवा पुन्हा परदेशी जाण्याचा निर्णय घाईने घेऊ नये, आणि शक्य असेल तर आपल्याआधी परतलेल्या एखाद्या शिक्षकाशी नियमित बोलत राहावे.