ट्युनिंग बॉक्स रुसला तर

डिझेल गाडीला ट्युनिंग बॉक्स (ताकद वाढवायला सेन्सरच्या वायरीत जोडतात तो छोटा डबा) लावलाय आणि तुळजापूरच्या घाटात चेक इंजिनचा दिवा लागून पिकअप गेला, तर सोलापूरहून टोइंग मागवण्याआधी बॉक्स काढून बघा.

१. गाडी कडेला घ्या, चावी काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. इंजिन चालू ठेवून कपलर (वायरचा प्लास्टिकचा जोड) ओढला की आणखी एक एरर कोड पडतो.

२. कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर सेन्सरवर बॉक्सचा कपलर असतो. लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. आपल्याकडच्या उन्हात बॉनेटखालचं प्लास्टिक आधीच कडक झालेलं असतं, लॉक कटकन तुटतो. धूळ असेल तर फुंकर मारा.

३. कंपनीची मूळ वायर सेन्सरला लावा. ‘टक’ आवाज यायलाच हवा. काही बॉक्सचा दुसरा कपलर बूस्ट सेन्सरला (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा) असतो, तोही तसाच. बॉक्ससोबत बायपास प्लग (बॉक्सशिवाय मूळ जोडणी पूर्ण करणारा) आला असेल तर एवढीही खटपट नको, बॉक्सच्या जागी तोच लावा. तो घरी कपाटात नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा!

आता गाडी सुरू करून बघा. पिकअप परत आला तर गडबड बॉक्सची किंवा त्याच्या वायरिंगची. दिवा लगेच विझेलच असं नाही. पिकअप आला नाही तर डिझेल फिल्टरपासून तपासणी सुरू करा.

बॉक्स बसवायच्या दिवशीच मूळ कपलरचे फोटो काढून ठेवा. (वॉरंटीतल्या गाडीला बॉक्स लावणं मला तरी पटत नाही.)

सांभाळा: फक्त कपलर काढायचा. सेन्सर किंवा इंजेक्टरच्या पाइपला पाना लावू नका. रेलमधला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडीत घुसते.